आरंभीचा ग्रीस: मिनोअनांपासून पहिल्या नगरराज्यांपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ग्रीस म्हटलं की सॉक्रेटिस, पार्थेनॉन आणि अलेक्झांडर डोळ्यांपुढे येतात. पण सॉक्रेटिस जन्माला आला तेव्हा त्या भूमीवर दीड हजार वर्षांचा इतिहास घडून गेला होता आणि त्यातला बराचसा ग्रीक लोक स्वतःच विसरून गेले होते. त्या काळाबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘आरंभीचा ग्रीस’ म्हणजे नेमका कोणता काळ?

ढोबळमानाने चार टप्पे लक्षात ठेवा. क्रीट बेटावरची मिनोअन संस्कृती: तिथले राजवाडे इ.स.पू. १९०० च्या सुमारास उभे राहिले आणि १४५० च्या सुमारास बहुतेक सगळे उद्ध्वस्त झाले. मुख्य भूमीवरची मायसीनियन संस्कृती: साधारण १६०० ते ११००. मग तीनेकशे वर्षं अशी, की लेखनकलाच नाहीशी झाली. आणि इ.स.पू. ८०० पासून ४८० पर्यंतचा ‘आर्ष’ काळ. नवी लिपी, होमरची ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही काव्यं, नगरराज्यं, नाणी, दूरदूरच्या वसाहती हे सगळं त्यातलं. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सम्राट झर्क्सीसची स्वारी झाली. तिथून पुढे पाठ्यपुस्तकातला ‘अभिजात’ ग्रीस सुरू होतो.

२. इ.स.पू. ची शतकं वाचताना गोंधळ उडतो. काही सोपी युक्ती?

इथे आकडा उतरत जातो. इ.स.पू. सोळावं शतक म्हणजे १६०० ते १५०१, आणि त्याचा ‘उत्तरार्ध’ म्हणजे १५५० नंतरची वर्षं. कांस्ययुगातली बहुतेक वर्षं अंदाजी असतात. भांड्यांच्या घडणीवरून, इजिप्तच्या राजांच्या कालक्रमाशी ताडून किंवा कार्बन चाचणीवरून ती काढलेली असतात. म्हणून ‘सुमारे’ हा शब्द गाळू नका.

३. मिनोअन लोक ग्रीकच होते ना?

भाषेने नाही, असं मानायला भरपूर जागा आहे. त्यांची ‘लिनिअर ए’ लिपी आजही वाचता आलेली नाही. तिच्यातल्या चिन्हांना नंतरच्या लिपीवरून (प्र. ९) उच्चार देऊन पाहिले, तर निघणारे शब्द ग्रीक वाटत नाहीत. ‘मिनोअन’ हे नावही त्यांचं स्वतःचं नव्हे. १९०० साली क्रीटवरच्या नॉसॉस इथे मोठं उत्खनन सुरू करणाऱ्या आर्थर एव्हान्स यांनी पुराणकथेतल्या मिनोस राजावरून ते रूढ केलं. त्यांच्या आधी, १८७८ मध्ये, त्याच टेकडीवर पहिली खोदाई करणारा क्रीटचाच रहिवासी होता. त्याचं नाव मिनोस कालोकैरिनोस. हे नाव फार कमी ठिकाणी घेतलं जातं, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

रक्ताचं नातं मात्र जवळचं आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात दिसलं, की मिनोअन आणि मायसीनियन या दोघांचेही पूर्वज बहुतांशी पश्चिम अनातोलिया आणि एजियन भागातले आद्य शेतकरी होते. मायसीनियनांमध्ये त्यात उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशाकडून आलेला आणखी एक अंश मिसळलेला आहे.

४. मिनोटॉर आणि त्याचा चक्रव्यूह: यात काही तथ्य?

अर्धा माणूस, अर्धा बैल असा प्राणी अर्थातच कुठे सापडलेला नाही. पण नॉसॉसच्या वाड्यात बैल पावलोपावली आहे. भित्तिचित्रात धावत्या बैलाच्या पाठीवरून कोलांटी मारणारे तरुण आहेत, बैलाच्या डोक्याच्या आकाराची दगडी पात्रं आहेत. वाड्याची रचनाही शेकडो खोल्यांची आणि वळणावळणाच्या वाटांची. पुढच्या पिढ्यांनी ते अवशेष पाहून गोष्ट रचली असेल, हे पटण्यासारखं आहे.

मला मात्र या सगळ्यापेक्षा एक छोटी मातीची पाटी जास्त मोलाची वाटते. नॉसॉसमध्येच सापडलेल्या या पाटीवर दोन नोंदी आहेत: सर्व देवांना मधाचा एक रांजण आणि ‘लॅबिरिंथच्या स्वामिनी’ला मधाचा एक रांजण. म्हणजे ‘लॅबिरिंथ’ (तोच आपला चक्रव्यूह) हा शब्द इ.स.पू. १४०० च्या आसपास तिथल्या कारकुनाच्या हिशेबात होता आणि तिथे राक्षस नव्हता, देवी होती.

५. नॉसॉसचे लाल खांब आणि रंगीत चित्रं फोटोत दिसतात. ती मूळची आहेत का?

बरीचशी नाहीत. एव्हान्स यांनी काँक्रीट वापरून वाड्याचे काही भाग पुन्हा उभे केले आणि तुकड्यांवरून चित्रं पूर्ण करून घेतली. प्रसिद्ध ‘लिलीच्या फुलांचा राजपुत्र’ वेगवेगळ्या आकृत्यांचे तुकडे एकत्र जोडून झाला असावा, असं आज बरेच अभ्यासक मानतात. क्रीटमधल्या हेराक्लिऑनच्या संग्रहालयात गेलात तर चित्राजवळ उभे राहा. मूळ गिलाव्याचे तुकडे खडबडीत आणि किंचित वर आलेले दिसतात, मधली सपाट जागा नंतर रंगवलेली असते. पुष्कळदा मूळ भाग तळहाताएवढाच असतो.

६. थेराच्या ज्वालामुखीने मिनोअन संस्कृती एका रात्रीत बुडाली, हे खरं आहे का? अटलांटिस म्हणजे तेच का?

उद्रेक खरा आणि प्रचंड होता. आजच्या सँटोरिनी बेटाचा चंद्रकोरीसारखा आकार त्याचीच खूण आहे. पण क्रीटचे राजवाडे त्याच वेळी कोसळले नाहीत. उद्रेकाची राख ज्या थरात सापडते, त्याच्या वर मिनोअनांची पुढच्या शैलीतली भांडी मिळतात. म्हणजे निदान दोन-तीन पिढ्या जीवन चालू राहिलं आणि मग १४५० च्या सुमारास वाडे जळाले. उद्रेकाचं नेमकं वर्ष हाच वादाचा विषय आहे. कार्बन चाचण्या इ.स.पू. १६०० च्या आसपास बोट दाखवतात, तर भांड्यांवरून आणि इजिप्तच्या कालक्रमावरून पूर्वी तो १५०० च्या जवळ धरला जात असे.

थेरावरचं अक्रोतिरी हे गाव राखेखाली जसंच्या तसं राहिलं. स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये तिथे खोदाई सुरू केली. दुमजली-तिमजली घरं, सांडपाण्याच्या मोऱ्या, धान्याचे रांजण सगळं मिळालं, पण पाँपेईसारखे घराघरांत मृतदेह नाहीत. आधीच्या भूकंपांनी इशारा मिळून लोक बाहेर पडले होते.

अटलांटिसची गोष्ट प्लेटोच्या दोन संवादांत येते, त्याआधी कुठेच नाही. ती इतिहास म्हणून वाचू नये.

७. सिंधू संस्कृतीशी या लोकांचा संबंध होता का?

थेट ये-जा झाल्याचा पुरावा नाही. मेसोपोटेमियामार्गे वस्तू हातोहात फिरत होत्या. एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. अक्रोतिरीच्या एका खोलीत खडकांवर चढणाऱ्या निळसर माकडांचं चित्र आहे. ग्रीसमध्ये माकडं नव्हतीच, त्यामुळे ती आफ्रिकेतली असावीत असं मानलं जाई. अलीकडे काही प्राणिशास्त्रज्ञांनी उंच धरलेल्या वळणदार शेपट्या आणि लांब हातपाय पाहून त्यांतली काही भारतीय उपखंडातली लंगूर असावीत, असं मांडलं आहे. म्हणजे आपल्या भाषेत माकड नव्हे, वानर. हे मत सर्वमान्य नाही. ज्यांनी वानरं रोज पाहिली आहेत त्यांनी त्या चित्रातली शेपटी एकदा नीट बघावी.

८. मायसीनियन कोण? आणि तो सोन्याचा मुखवटा अ‍ॅगॅमेम्नॉनचा आहे का?

मायसीनी, टिरिन्स, पायलॉस, थीब्ज अशा तटबंदी आणि वाडे असलेल्या ठिकाणांहून राज्य करणारे हे लोक ग्रीक बोलत होते, हे आता नक्की ठाऊक आहे. ‘वानाक्स’ हा त्यांचा राजा. मायसीनीचे तट इतक्या मोठ्या शिळांचे, की नंतरच्या ग्रीकांना ते एकडोळ्या राक्षसांचं काम वाटलं. तिथलं प्रसिद्ध सिंहद्वार इ.स.पू. १२५० च्या सुमाराचं. गावाबाहेरच्या ‘अत्रेउसच्या खजिन्या’त खजिना कधीच नव्हता. ती मधाच्या पोळ्यासारख्या घुमटाची थडग्याची वास्तू आहे आणि दारावरची आतली शिळा सुमारे १२० टनांची आहे.

मुखवट्याबद्दल: होमरच्या काव्यात ट्रॉय शहरावर चालून गेलेल्या ग्रीकांचा सेनापती, मायसीनीचा राजा, तो अ‍ॅगॅमेम्नॉन. १८७६ मध्ये जर्मन उत्खनक हाइनरिश श्लीमान यांना मायसीनीच्या कूपथडग्यांत सोन्याचे मुखवटे मिळाले. ‘मी अ‍ॅगॅमेम्नॉनचा चेहरा पाहिला’ हे वाक्य लोकांनी नंतर त्यांच्या तोंडी घातलं. ती थडगी इ.स.पू. सोळाव्या शतकातली आहेत. ग्रीक परंपरेने ट्रॉयचा पाडाव ११८४ मध्ये धरला आहे. मधे तीनशेहून जास्त वर्षं जातात. मुखवटा अस्सल, नाव चुकीचं.

९. ‘लिनिअर बी’ लिपी वाचली कशी? द्वैभाषिक लेख तर नव्हता.

माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच. म्हणून थोडं सविस्तर. लिनिअर बी म्हणजे मायसीनियन काळात क्रीटवर आणि मुख्य भूमीवर मातीच्या पाट्यांवर लिहिली जाणारी लिपी.

अमेरिकेतल्या अ‍ॅलिस कोबर यांनी वर्षानुवर्षं या चिन्हांची कार्डं केली. युद्धकाळात कागद मिळेना, तेव्हा मिळेल त्या कागदाची कार्डं कापली आणि सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवली. त्यांच्या लक्षात आलं, की काही शब्द सुरुवातीला सारखे आणि शेवटी बदलणारे आहेत. म्हणजे या भाषेत विभक्तिप्रत्यय आहेत. १९५० मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्या वारल्या. त्या पायावर मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुरचनाकाराने चिन्हांचा तक्ता बांधला. काही शब्द फक्त क्रीटच्या पाट्यांवरच येतात, तेव्हा ती गावांची नावं असावीत, असं धरून त्याने उच्चार बसवून पाहिले: ‘को-नो-सो’, ‘आ-मि-नि-सो’. नॉसॉस आणि आम्निसॉस! आणि ते उच्चार इतरत्र घातले तर चक्क ग्रीक शब्द निघू लागले. तो स्वतः तोवर ती भाषा इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कनसारखी असेल असं मानत होता. जुलै १९५२ मध्ये त्याने हे बीबीसी रेडिओवर जाहीर केलं.

मराठी वाचकाला ही लिपी पटकन कळते. प्रत्येक चिन्ह म्हणजे बाराखडीतलं एक अक्षर: पा, पे, पो. जोडाक्षर नाही, म्हणून ‘त्रि’ लिहायचं तर ‘ति-रि’. र आणि ल यांना एकच चिन्ह, आपल्याकडच्या ‘रलयोरभेदः’ची आठवण व्हावी असं.

शंका फेडणारा पुरावा पायलॉसहून आला. तिथल्या एका पाटीवर भांड्यांची चित्रं आणि शेजारी शब्द आहेत. तीन पायांच्या भांड्यापुढे ‘ति-रि-पो-दे’ आणि आकडा २. तेही संस्कृतासारखं द्विवचन! पुढे चार मुठींच्या पात्राला ‘क्वे-तो-रो-वे’, तीन मुठींच्या पात्राला ‘ति-रि-ओ-वे’ आणि बिनमुठीच्या पात्राला ‘आ-नो-वे’. शेवटच्या ‘ओवे’चा अर्थ कान. चारकानी, तीनकानी, बिनकानी. कढईच्या मुठींना आपणही कानच म्हणतो. ‘ति-रि-पो’त त्रि आणि पाद, ‘क्वेतोरो’त चतुर् आणि ‘आन’मध्ये अनादि-अनंतमधला ‘अन्’ ऐकू येतो. आपण आणि ते भाषेने चुलत भाऊ आहोत, हे कळायला ही एक पाटी पुरेशी आहे.

१०. या पाट्यांवर काय लिहिलंय? काव्य, कायदे, राजांच्या कथा?

यातलं काहीही नाही. सगळा हिशेब. किती लोकर आली, कुणाला किती कांसं दिलं, कोणत्या देवाला किती तेल. एकट्या नॉसॉसच्या नोंदींत सुमारे एक लाख मेंढ्या आहेत. पायलॉसच्या पाट्यांत दळणाऱ्या, सूत कातणाऱ्या बायका, त्यांची मुलं आणि त्यांना दिलेलं धान्य आहे.

नॉसॉसच्या कारकुनांनी जोतीचे बैलसुद्धा नावानिशी लिहिले आहेत. एकाचं नाव केलैनोस म्हणजे काळ्या. दुसऱ्याचं वोइनोक्स म्हणजे मद्यासारख्या रंगाचा, आपण तांबड्या म्हणू. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या राजांपैकी एकाचंही नाव खात्रीने सांगता येत नाही, पण बैलांची नावं ठाऊक आहेत.

या पाट्या भाजलेल्या नव्हत्या. वर्षभराचा हिशेब संपला की माती भिजवून पुन्हा वापरायची. वाडे जळाले, त्या आगीत पाट्या भाजल्या, म्हणून टिकल्या. त्यामुळे आपल्या हाती आहे तो बहुधा प्रत्येक वाड्याच्या अखेरच्या काही महिन्यांचा हिशेब.

११. ट्रॉयचं युद्ध खरोखर झालं का?

ट्रॉय हे शहर खरं आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या हिसार्लिक टेकडीत त्याचे एकावर एक नऊ मुख्य थर आहेत. १८७१ पासून श्लीमान यांनी तिथे मोठा चर खणला आणि ‘प्रायमचा खजिना’ (प्रायम म्हणजे कथेतला ट्रॉयचा राजा) बाहेर काढला. तो निघाला ट्रॉयच्या कथित युद्धाच्या हजारभर वर्षं आधीच्या थरातला. ज्या थरांत युद्ध शोधायचं, त्यांचा मोठा भाग याच खोदाईत गेला. ही हानी भरून येणारी नाही.

आजच्या तुर्कस्तानात राज्य करणाऱ्या हित्ती राजांच्या दप्तरात ‘विलुसा’ नावाचं राज्य येतं. ट्रॉयचं ग्रीक नाव इलिऑस, पूर्वी ‘विलिऑस’. तिथेच ‘अह्हियावा’ म्हणून समुद्रापलीकडची सत्ता येते आणि होमर ग्रीकांना ‘अखैओइ’ म्हणतो. इ.स.पू. १२८० च्या सुमाराच्या तहात विलुसाच्या राजाचं नाव आहे अलाक्सांदू, आणि होमरमध्ये हेलनला पळवून नेणारा ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस, त्याचं दुसरं नाव अलेक्झांद्रोस. इ.स.पू. ११८० च्या सुमारास एक थर जळाला, हेही दिसतं. म्हणजे त्या किनाऱ्यावर झगडे झाले, पण हेलन, दहा वर्षांचा वेढा आणि लाकडी घोडा यांना पुरावा नाही. घोडा तर ‘इलियड’मध्येही नाही, तो ‘ओडिसी’त सांगितला जातो.

१२. इतकी संपन्न व्यवस्था कोसळली कशाने?

एकाच कारणाने नाही. १२०० च्या आसपासच्या अर्धशतकात मायसीनियन वाडे जळाले, हित्ती साम्राज्य मोडलं, सीरियाच्या किनाऱ्यावरचं उगारीट बेचिराख झालं आणि इजिप्तचा तिसरा रामसेस ‘समुद्री लोकां’शी लढल्याचं आपल्या मंदिराच्या भिंतींवर कोरून गेला. दुष्काळ, भूकंप, आतली बंडं, बाहेरचे हल्ले अशी सगळी कारणं पुढे केली जातात.

मला पटणारा धागा व्यापाराचा आहे. कांसं करायला तांबं आणि कथील लागतं, आणि कथील फार दुरून येई. तुर्कस्तानजवळ उलुबुरुन इथे बुडालेल्या इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या एका जहाजावर सुमारे १० टन तांबं आणि १ टन कथील होतं. अशी जहाजं यायची थांबली की वाड्याचा कारभारच थांबतो. पायलॉसच्या शेवटच्या पाट्यांत ‘किनाऱ्यावर पहारा देणारे’ अशी लांबलचक यादी आहे. तो नेहमीचा बंदोबस्त होता की आलेल्या संकटाची चाहूल, हे पाटी सांगत नाही.

१३. मग ‘अंधारयुग’ खरंच अंधारं होतं का?

लेखन गेलं, मोठी बांधकामं थांबली, वस्त्या विरळ झाल्या. पण हा शब्द आता अभ्यासक टाळतात आणि ‘आरंभिक लोहयुग’ म्हणतात. युबिआ बेटावरच्या लेफकांदी इथे १९८१ मध्ये इ.स.पू. ९५० च्या सुमाराची, जवळजवळ ५० मीटर लांबीची इमारत उजेडात आली. आत एका पुरुषाच्या अस्थी कांस्यकलशात, शेजारी सोन्याने मढलेली स्त्री आणि दुसऱ्या खड्ड्यात चार घोडे. स्त्रीच्या गळ्यातला दागिना पश्चिम आशियातला, आणि तो पुरला तेव्हाच कित्येक शतकं जुना होता. इतकी दूरची वस्तू ज्यांच्या घरात होती, ते जगापासून तुटलेले नव्हते.

१४. ग्रीकांनी लिपी पुन्हा कुठून आणली?

आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या फिनिशियन व्यापाऱ्यांकडून, इ.स.पू. ८०० च्या आसपास. लिनिअर बीशी तिचा काहीही संबंध नाही. फिनिशियन लिपीत फक्त व्यंजनं लिहीत. त्यांचे काही कंठ्य उच्चार ग्रीकांकडे नव्हतेच, तेव्हा त्या मोकळ्या चिन्हांना ग्रीकांनी स्वर म्हणून वापरलं. ‘अलेफ’चा ‘अल्फा’ झाला तो असा.

आणि सर्वांत जुन्या लेखांत हिशेब नाही, कविता आहे. इटलीजवळच्या इस्किया बेटावर, ग्रीकांच्या पिथेकुसाय वसाहतीत, इ.स.पू. ७२० च्या सुमाराचा एक मातीचा पेला मिळाला. त्यावर तीन ओळी उजवीकडून डावीकडे खरवडलेल्या आहेत. आशय असा: हा नेस्टरचा पेला, यातून जो पिईल त्याला प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटीची ओढ लागेल. ‘इलियड’मधला नेस्टरचा पेला सोन्याच्या खिळ्यांचा, भरल्यावर इतरांना उचलायला जड. हा साधा, हातात मावणारा. तुकडे जोडून उभा केलेला तो पेला आज तिथल्याच संग्रहालयात आहे.

१५. होमरने रामायणावरून कथा उचलली (किंवा उलट) असं वाचलं. खरं काय?

पत्नीचं हरण आणि समुद्रापलीकडचं युद्ध एवढ्या साम्यावरून उचलेगिरी सिद्ध होत नाही. खरं नातं त्याहून जुनं आणि खोल आहे. ‘इलियड’मध्ये नायक अकिलीस ज्या अक्षय कीर्तीबद्दल बोलतो, तिला ग्रीकमध्ये ‘क्लेओस अफ्थितोन’ म्हणतात. ऋग्वेदात ‘श्रवः’ आणि ‘अक्षितम्’ ही त्याच धातूंची जोडी येते. हे साम्य १८५३ मध्येच दाखवलं गेलं. दोन्हीकडच्या कवींचे पूर्वज कधीकाळी एकाच भाषेत गात होते.

होमर एक होता की अनेक, हे ठरलेलं नाही. पण ‘इलियड’च्या पंधरा हजारांहून अधिक ओळी मौखिक परंपरेतून आल्या, हे मिल्मन पॅरी यांनी १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गायकांचा अभ्यास करून दाखवलं. ठरावीक विशेषणं आणि ठरावीक चरण हाताशी असले, की गायक हजारो ओळी उभ्या उभ्या रचतो.

१६. ऑलिंपिक इ.स.पू. ७७६ मध्येच सुरू झालं, हे पक्कं का?

परंपरेने पक्कं. हे वर्ष एलिसच्या हिप्पिआसने सुमारे ४०० च्या काळात विजेत्यांची यादी लावून काढलं. पहिला विजेता कोरोइबॉस, धंद्याने आचारी. सुरुवातीला एकच शर्यत होती, सुमारे १९२ मीटरची.

१७. लोकशाही पहिल्यापासून होती का?

नव्हती. आधी सरदार घराणी, मग अनेक ठिकाणी एकहाती सत्ता. अथेन्समध्ये ड्रेकोचे कडक कायदे (सुमारे ६२१), मग ५९४ मध्ये सोलोन. कर्ज फिटलं नाही म्हणून शेतकऱ्याला गुलाम करायचं, हे त्याने बंद केलं. माझ्या दृष्टीने ही पहिली मोठी पायरी. क्लिस्थेनीसच्या ५०८-५०७ च्या फेररचनेनंतर नागरिकांची सभा खऱ्या अर्थाने उभी राहिली. स्त्रिया, गुलाम आणि परगावचे रहिवासी बाहेरच होते. आणि सगळा ग्रीस म्हणजे अथेन्स नव्हे: स्पार्टात दोन राजे होते आणि शेती हेलॉट नावाच्या बांधलेल्या लोकांकडून करून घेतली जाई.

१८. ‘यवन’ म्हणजे मुसलमान ना? ग्रीकांना यवन का म्हणतात?

मराठी बखरींत तो अर्थ आहे, पण तो फार नंतरचा. मूळ शब्द आयोनिअन ग्रीकांचा. त्यांचं जुनं नाव ‘इयावोनेस’, त्यावरून इराणी ‘यौन’ आणि आपल्याकडे ‘योन’, ‘यवन’. अशोकाच्या लेखांत योन आहेत. नॉसॉसच्या एका लिनिअर बी पाटीवर ‘इ-या-वो-ने’ असा शब्द येतो. त्यानंतर सुमारे दीड हजार वर्षांनी तोच शब्द कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर कोरला गेला. धेनुकाकट इथल्या यवनांनी ते खांब दान दिले. त्यांची नावं भारतीय वळणाची आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडचा योनक म्हणवतो. कार्ल्याला गेलात तर चैत्यात शिरल्यावर खांबांवरच्या ब्राह्मी ओळी शोधा. अक्षरं बोटभर उंचीची आहेत, तिरपा उजेड पडला की ‘यवनस’ वाचता येतं.